विण्याचा पहारा

आश्विन पौर्णिमा जवळ आली की सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहनं दुसरीकडे वळवतात आणि तो रस्ता चालणाऱ्यांचा होतो. पंचेचाळीसेक किलोमीटरची वाट. सोलापूर शहरातून, आसपासच्या तालुक्यांतून, कर्नाटकातून, तेलंगणातून आलेली माणसं रात्रभर तुळजाभवानीकडे चालत असतात. कुणी अनवाणी, कुणी पोराला खांद्यावर घेऊन, कुणी गुडघे धरून बसत-उठत. रस्त्याच्या कडेला मंडप लागलेले असतात. तिथे चहा मिळतो, भात मिळतो, केळी मिळतात, पाणी तर पावलोपावली. पायाला फोड आलेल्याला बसवून मलमपट्टी करतात. अनोळखी म्हाताऱ्यांचे पाय मांडीवर घेऊन तरुण पोरं तेल चोळतात, आणि ते पाय कुणाचे, कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे हे विचारण्याची गरज कुणाला वाटत नाही.

त्या रात्री हा रस्ता म्हणजे धाराशिव जिल्ह्यातली सगळ्यात निरोगी आळी असते. उजेड आहे, पाणी आहे, अन्न आहे, औषध आहे, आणि ‘दमलात का, बसा जरा’ म्हणणारं माणूस आहे.

मग पौर्णिमा सरते. त्या गर्दीतली साठीची एखादी बाई आपल्या गावी परतते. तिच्या गल्लीतली नाली तुंबलेली असते. हापशाला उन्हाळ्यात पाणी येत नाही. मुलगा पुण्याला कामाला गेलेला असतो. बीपीची गोळी संपून महिना होतो आणि ती संपल्याचं कुणालाच ठाऊक नसतं. ज्या समाजानं वाटेवर तिचे पाय चेपले, तोच समाज गावात तिच्या भिंतीला भिंत लावून राहतो. दोन रात्रींत जे जमतं ते उरलेल्या वर्षात का जमत नाही, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे.

त्याचं उत्तर शोधताना एक गोष्ट मला पटत गेली. धर्माच्या निमित्तानं जमणाऱ्या माणसांचा आधार शरीराला खरोखर लाभतो. तो भास नव्हे. पण आधार दोन तऱ्हांचा असतो. एक सोसायला बळ देतो, दुसरा सोसणंच कमी करतो. आपल्या देवळांनी, दर्ग्यांनी, विहारांनी पहिला आधार पिढ्यान्‌पिढ्या भरभरून दिला. दुसरा अधूनमधूनच दिला, आणि दिला तेव्हाही वेशीच्या आतल्यांना. पहिल्या आधाराचं कौतुक करत राहून दुसऱ्याची मागणीच न करणं ही आपली मोठी चूक आहे.

आधी पहिल्या आधाराबद्दल बोलू, कारण सुशिक्षित माणूस त्याला फार लवकर धुडकावतो.

गावातला काकडा आठवा. पहाटेच्या अंधारात देवळात पंधरावीस माणसं जमतात. रोज खांबाशी बसणारी म्हातारी एक दिवस आली नाही, तर आरती झाल्यावर कुणीतरी तिच्या दारावरून जातं. ‘काकू, आज दिसल्या नाहीत?’ या एका प्रश्नात तपासणी असते, नोंद असते आणि पाठपुरावाही असतो. शुक्रवारच्या नमाजाला नेहमीचा म्हातारा दिसला नाही, रविवारच्या बुद्धवंदनेला एखादी मावशी आली नाही, तरी असंच होतं. आपली गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येते एवढ्या जाणिवेनंसुद्धा माणूस सावरतो.

आता हे वैद्यकशास्त्रही सांगू लागलं आहे. ज्युलियान होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांची नाती घट्ट, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा निम्म्यानं जास्त निघाली. अमेरिकेतल्या परिचारिकांचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ७४ हजारांहून अधिक स्त्रियांवर सोळा वर्षं लक्ष ठेवलेलं होतं. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या स्त्रियांचं मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळलं. धडधाकट माणूसच प्रार्थनेला जाऊ शकतो, आजारी घरीच राहतो, ही शंका कुणालाही येईल. संशोधकांनाही आली होती आणि त्यांनी ती हिशेबात धरली. पण मला त्यातली पुढची फोड जास्त मोलाची वाटते. या फायद्याचा जवळपास पाव हिस्सा माणसांच्या आधारातून येत होता आणि साधारण तेवढाच धूम्रपान कमी असण्यातून. म्हणजे प्रार्थनेचा गुण शरीराला लागतो तो बऱ्याच अंशी शेजारी बसलेल्या माणसाच्या वाटेनं.

आपल्याकडचा पुरावाही आहे. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर कल्पवास करणाऱ्या यात्रेकरूंचा अभ्यास भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून केला. तो २०१२ साली छापून आला. कडाक्याची थंडी, रात्रंदिवस भोंग्यांचा गोंगाट, गर्दी, नदीचं गार पाणी. तरीही घरी परतल्यावर त्या माणसांना आपली प्रकृती आधीपेक्षा बरी वाटत होती. गावीच राहिलेल्यांत तसा फरक दिसला नाही. आपण सगळे एकाच वाटेचे आहोत, ही भावना त्याच्या मुळाशी होती.

माळकऱ्यांचं उदाहरण तर घरोघरचं आहे. तुळशीची माळ गळ्यात पडते आणि दारू सुटते. ती सुटते म्हणजे रक्तदाब आवरतो, यकृत वाचतं, बायकोच्या पाठीवरचे वळ थांबतात. सरकारी पोस्टरनं हे काम कधी केलं नाही. माळ घातलेल्या माणसावर चार जणांची नजर असते, आणि तीच त्याला सावरते. हीच नजर तंबाखूच्या चंचीकडे मात्र वळत नाही. दारू न शिवणारा माळकरी भजन संपल्यावर सगळ्यांसमोर तंबाखू मळतो. ज्या दिवशी माळेच्या पथ्यात तंबाखूही मोजली जाईल, त्या दिवशी मराठवाड्यातला तोंडाचा कर्करोग कमी व्हायला सुरुवात होईल असं मला मनापासून वाटतं.

पण शरीर नुसत्या माणसांत राहत नाही. ते घरात राहतं, गल्लीत राहतं, भिंतीखाली झोपतं.

२९ सप्टेंबर १९९३ची रात्र अनंत चतुर्दशीची होती. उमरगा, लोहारा, औसा, निलंगा या पट्ट्यातल्या गावांनी गणपती बोळवले आणि दमून माणसं झोपी गेली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं, पण सास्तूरसारखी आपल्या जिल्ह्यातली गावंही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. सरकारी आकड्याप्रमाणेच जवळपास आठ हजार माणसं गेली. ती भूकंपानं मारली असं आपण म्हणतो; खरं म्हणजे ती भिंतींनी मारली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं, पिढ्यान्‌पिढ्या ऊब देणारं तेच घर काही सेकंदांत अंगावर आलं. त्या रात्री ती गावं भक्तीत कुठेच कमी नव्हती. एकमेकांना धरून राहण्यातही कमी नव्हती. भिंत मात्र कच्ची होती, आणि कच्च्या भिंतीला माणसांची एकी टेकू देऊ शकत नाही.

त्यानंतर जे घडलं त्यानं याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, ओळीनं आखलेले भूखंड, पक्क्या भिंती. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवरून ठरले: भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला चारशे, मोठ्याला साडेसातशे. त्यामुळे जुन्या आळीत भिंतीला भिंत लावून राहणारे भाऊबंद आणि शेजारी नव्या गावात लांब लांब गेले. अंगणातून हाक मारली तर ऐकू जाणारी माणसं तीन रस्ते पलीकडे गेली. भिंत भक्कम झाली पण आळी मोडली. घर पडण्याची भीती गेली, तरी अपरात्री छातीत कळ आली तर हाक कुणाला मारायची, हा नवा घोर लागला. सुरक्षित घर आणि जागता शेजार या दोन्ही गोष्टी शरीराला एकदमच लागतात, एवढा धडा त्या भूकंपानं आपल्याला दिला होता. घरांची दुरुस्ती गावातल्या बायकांच्या देखरेखीखाली व्हावी म्हणून तेव्हा संवाद सहायक नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगानं ते काम उभं केलं आणि पुढे याच जिल्ह्यांत बायकांची शेती, पाणी, आरोग्य असं ते पसरत गेलं. ज्यांना तो धडा कळला त्यांनी भिंत आणि माणसं एकाच वेळी हाताशी धरली.

शिकागोतही असंच दिसलं. जुलै १९९५च्या उष्णतेच्या लाटेत तिथे सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत एकेकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञानं दोन शेजारच्या वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्ही गरीब, दोन्हींत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ. पण एकीत रस्ते ओस, दुकानं बंद, माणसं भीतीनं दारं लावून बसलेली. दुसरीत रस्त्यावर वर्दळ, दुकानं उघडी, चर्च गजबजलेलं. पहिलीत माणसं पटापट मेली, दुसरीत फार थोडी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि गावागावांत पोरं पुण्या-मुंबईला गेलेली म्हातारी जोडपी उरली आहेत. शिकागोची ती गोष्ट वाचताना मला परांडा-भूमच्या ओस गल्ल्या दिसतात.

आता मुद्दा वेशीचा.

जुन्या काळी गावात पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे. नैवेद्य, लिंबू, बांगड्या असं सगळं गाड्यावर घालून तो वाजतगाजत आपल्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचे. आपल्या गावातला रोग पुढच्या गावाच्या शिवेत गेला म्हणजे आपण सुटलो. त्यात भक्ती होती, एकी होती, घाबरलेल्या गावाला धीर देण्याची ताकद होती. फक्त पुढच्या गावात माणसं राहतात याचा विचार नव्हता. आणि मरीआईचं ठाणं गावाच्या कडेला, त्याच कडेला जिथे गावानं आपली अस्पृश्य माणसं ठेवली होती. रोगाची देवी आणि रोगाच्या तोंडी दिलेली माणसं एकाच दिशेला. गावाचं सांडपाणीही बहुतेक त्याच उताराला वाहत असे.

धार्मिक समुदायाच्या आधाराचं गुणगान करताना हा उतार विसरता येत नाही. ज्याच्यासाठी पंगतीत जागा नव्हती, ज्याला आडावर घागर लावू दिली जात नव्हती, त्याच्या शरीरानं गावाच्या एकीची किंमत मोजली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते याच पाण्यासाठी. १९४१च्या फेब्रुवारीत ते आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले, तेव्हाही माणूस म्हणून जगण्याचाच प्रश्न समोर होता. पुढे ज्यांनी विहार बांधले त्यांनी आपल्या माणसांसाठी आधाराची नवी जागा तयार केली, कारण जुन्या जागेचं दार त्यांना बंद होतं.

हा उतार उलटा फिरवता येतो, हे आपल्या शेजारीच कुणीतरी करून दाखवलं आहे. भूम-परांड्याला लागून असलेल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. ख्रिस्ती श्रद्धेतून आलेलं हे जोडपं. त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित बायकांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. विंधनविहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवं तर साऱ्या गावानं तिथे यायचं. व्याख्यानानं जे झालं नसतं ते हापशाच्या जागेनं केलं. दूषित पाण्याचे आजार कमी झाले आणि जातीचा विटाळही सैल पडला. या कामाला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं, तीही याच वाटेवरची गोष्ट. श्रद्धा कुठल्याही धर्माची असो, हापसा कुठे बसतो यावरून ती कुणाच्या कामाला येते हे कळतं.

इथे माझा खरा आक्षेप येतो. दुष्काळ पडला की गावात सप्ताह होतो. १९७२, २०१२, २०१५ अशी सालं या जिल्ह्यानं पाहिली. पीक जळालं, कर्ज वाढलं, तेव्हा कीर्तनानं खचलेल्या माणसाला उभं केलं, यात शंका नाही. सप्ताहाच्या मंडपात बसलेल्या शेतकऱ्याला सात दिवस एकटं राहावं लागत नाही आणि एकटेपण हे आत्महत्येच्या दारातलं पहिलं पाऊल असतं. पण दुष्काळ संपल्यावर आपण म्हणतो, ‘आपल्या माणसांचं बघा, किती सोशिक, किती श्रद्धाळू!’ या कौतुकात एक क्रूरपणा आहे. सोशिक माणसाला पाणी उशिरा मिळालं तरी चालतं, असं मग सगळेच धरून चालतात. २०१८ साली नीती आयोगानं आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशीम यांच्याबरोबर आपला जिल्हा त्यात होता. इतकी देवस्थानं, इतका अन्नदानाचा पसारा, आणि तरी आरोग्य-पोषणाच्या मोजमापात मागे. जो समाज हजारोंची पंगत उठवू शकतो, त्याला आपल्याच अंगणवाडीतलं रोडावलेलं मूल दिसत नसेल, तर दोष त्याच्या ताकदीत नाही. ती ताकद कुठे लावायची हे त्यानं ठरवलेलं नाही.

सप्ताहातली सगळ्यात थोर गोष्ट मला विण्याचा पहारा वाटते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की सात दिवस खाली टेकत नाही. दिवस-रात्र मिळून एकशे अडुसष्ट तास. त्यासाठी याद्या होतात. मध्यरात्रीचा पहारा कुणाचा, पहाटे तीनचा कुणाचा, हे ठरतं. आपल्या पहाऱ्याला माणूस झोपेतून उठून येतो, आधीच्याच्या गळ्यातून वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि आधीचा निवांत घरी जातो. कुणाला पगार नाही, कुणी वरिष्ठ नाही, तरी सात दिवसांत एकदाही वीणा खाली ठेवली जात नाही. जगातल्या कुठल्याही सार्वजनिक आरोग्य विभागाला हेवा वाटावा अशी ही शिस्त आहे.

क्षयाच्या रोग्याला किमान सहा महिने न चुकता गोळ्या घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत बरं वाटू लागतं आणि माणूस गोळ्या सोडतो. मग रोग औषधाला दाद देईनासा होतो आणि शेजारच्या घरांतही शिरतो. त्या रोग्याला हवा असतो तो पहाराच. सरकारनं २०२२पासून निक्षय मित्र योजनेतून पोषण आहाराला दाते जोडले, ते चांगलंच झालं. पण आहाराची पिशवी देणं वेगळं आणि ‘आज गोळी घेतली का?’ म्हणून रोज दारात उभं राहणं वेगळं. ज्या गावाला सात दिवस वीणा खाली टेकू द्यायची नाही हे जमतं, त्या गावाला एका रोग्याच्या सहा महिन्यांच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत हे जमेल. बाळंतिणीचा पहारा, डायलिसिसला जाणाऱ्याचा पहारा, पोर परगावी असलेल्या म्हातारीचा उन्हाळ्यातला पहारा, यांच्याही याद्या त्याच फळ्यावर लिहिता येतील.

यावर दोन बाजूंनी हरकत येईल, आणि दोन्ही हरकती ऐकण्यासारख्या आहेत.

विवेकवादी मित्र म्हणतील की देवळाच्या हाती आरोग्य देणं धोक्याचं आहे. साप चावलेल्याला पारावर आणून ठेवतात, मनाचा आजार जडलेल्याला भूतबाधा ठरवतात. बरोबर आहे. २००१ साली तामिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या आश्रमात साखळ्यांनी बांधलेली २८ मनोरुग्ण माणसं आगीत जळून गेली, ती असल्याच समजुतीचा बळी होती. महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो डॉ. दाभोलकरांच्या बलिदानानंतर. पण त्याच देशात गुजरातेतल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ असा उपक्रम उभा राहिला. दर्ग्याचे मुजावर दुआ देतात आणि मनोविकारतज्ज्ञाकडेही धाडतात. ज्याच्यावर रोग्याच्या घरच्यांचा विश्वास आहे त्यानंच डॉक्टरचं दार दाखवलं, की ते ओलांडणं सोपं होतं. धाराशिव शहरातल्या ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघं जातात. येरमाळ्याच्या येडेश्वरीला चैत्र पौर्णिमेला लाखोंनी माणसं लोटतात. अशा ठिकाणी येणाऱ्या दुःखी माणसाला माघारी पाठवण्यापेक्षा तिथेच त्याच्यासाठी दवाखान्याची वाट उघडणं जास्त शहाणपणाचं आहे.

श्रद्धाळू मित्र म्हणतील की देवळानं नाल्या कशाला मोजायच्या, ते काम ग्रामपंचायतीचं. त्यांना लंडनची एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८५४ साली तिथल्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीनं सहाशेवर माणसं मेली. पंपाच्या पाण्यातून रोग पसरतो, असं डॉ. जॉन स्नो म्हणत होते. त्या वस्तीतला तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड याला ते पटलं नव्हतं. पण वस्तीतलं घर न् घर त्याच्या पायाखालचं होतं. कोण कुठलं पाणी प्यालं, कोण आजारी पडलं, कोण वाचलं, हे तो दारोदार विचारत फिरला, आणि शेवटी स्नो यांचंच म्हणणं खरं ठरवणारा पुरावा त्यानं आणून दिला. पहिलं आजारी बाळ चाळीस नंबरच्या घरातलं होतं आणि त्या घराचा मैलाखड्डा विहिरीला लागून पाझरत होता, हे त्याच्या चौकशीतून पुढे आलं. रोगाचा नकाशा डॉक्टरनं काढला, पण त्यातली घरं ओळखणारा माणूस धर्माच्या सेवेतला होता. आपले गाडगेबाबा तर दिवसा गावाचे रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आधी खराटा, मग देव. त्यांच्या नावानं सरकारनं २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान काढलं. बक्षिसं वाटली गेली, कमानी उभ्या राहिल्या. खराटा आणि कीर्तन एकाच हातात असण्याची त्यांची रीत मात्र मागे पडली.

पंचायतीचं काम देवळानं करावं असं मला म्हणायचं नाहीच. नळ, गटार, उपकेंद्रातला डॉक्टर, हे सरकारचं देणं आहे आणि ते मागून घ्यावंच लागेल. मागणार कोण? एकटी बाई ग्रामसभेत उभी राहिली तर तिला खाली बसवतात. सप्ताहाची सगळी समिती, मशिदीची जमात आणि विहाराचं मंडळ एका मागणीवर उभे राहिले, तर ग्रामसेवकाला उत्तर द्यावंच लागतं. तुळजापूरची तर गोष्टच वेगळी. तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी असतात. जिल्ह्याच्या विकासाची आणि देवीच्या दानपेटीची जबाबदारी एकाच खुर्चीत येते. देवीचं धन आणि जिल्ह्याचं आरोग्य एका वहीत मांडायला यापेक्षा सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

राहिली ती बाई, जिच्यापासून मी सुरुवात केली. तिच्यासारख्या कितीतरी जणी कळंब, वाशी, भूम, परांड्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या तळावर पाचटाची, ताडपत्रीची खोपटं. न्हाणी नाही, संडास नाही, पहाटे अंधारात फडावर जायचं. गावचं देऊळ, आळी, काकड्यानंतर दारावरून जाणारं माणूस, हे सगळं मागे राहतं. शरीर जेव्हा सगळ्यात जास्त झिजतं तेव्हाच आधार सुटतो. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीनं ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कामाला खाडा पडू नये, दर महिन्याचा त्रास नको, म्हणून पिशवीच काढून टाकायची. सोसण्याचं बळ एवढ्या टोकाला गेलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आळी माणसाबरोबर चालू शकत नाही का? शकते. दिंडी म्हणजे चालती आळीच. पाण्याचा टँकर, स्वयंपाकाचं सामान, मुक्कामाची जागा, माणसांची यादी, सगळं घेऊन ती शेकडो मैल जाते. वाटेत कुणी आजारी पडलं तर त्याला मागे टाकत नाही. अलीकडे वारीबरोबर फिरते संडास आणि दवाखानेही चालू लागले आहेत. जे विठोबाकडे जाताना जमतं ते कारखान्याकडे जाताना जमवायला आड कोण येतं? उसाच्या तळावर न्हाणी, संडास आणि आशाताईची फेरी व्हावी म्हणून गावच्या दिंडीप्रमुखानं कारखान्याला पत्र लिहिलं, तर त्याच्या दिंडीचं पुण्य घटणार नाही.

तुळजापूरला दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवी पौर्णिमेपर्यंत पलंगावर विसावते. नऊ दिवस महिषासुराशी झुंजून ती थकलेली असते म्हणून या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात. ज्या समाजानं देवीचेसुद्धा श्रम मोजले आणि तिच्या विसाव्याचे दिवस पंचांगात बसवले, त्या समाजाला थकव्याची जाण नाही असं कोण म्हणेल? त्याच दिवसांत जिल्ह्यातल्या बायका कोयते परजून घेतात, गाठोडी बांधतात. त्यांच्या श्रमाला निद्रा नाही. देवी निवांत निजू शकते, कारण तिच्या गाभाऱ्याबाहेर सेवेकरी आळीपाळीनं जागे असतात. विण्याच्या पहाऱ्यातही हेच असतं. एकानं वीणा घेतली म्हणूनच दुसऱ्याला घरी जाऊन पाठ टेकता येते. आपल्या गल्लीतल्या एका थकलेल्या बाईसाठी, वेशीच्या आतल्या आणि बाहेरच्याही, असा एक पहारा लागावा. तिची गोळी संपल्याचं कुणालातरी कळावं, आणि एक रात्र तरी तिला निर्धास्त झोप लागावी.